ताट कोण उचलणार?

रोटरीच्या युवा देवाणघेवाण कार्यक्रमातून परदेशी जाणारी मुलं एक ब्लेझर घालतात. वर्षभरात भेटलेल्या देशोदेशीच्या मुलांकडून मिळालेले बिल्ले त्यावर टोचत जायचे, असा रिवाज आहे. परत येईपर्यंत त्याचं कापड दिसेनासं झालेलं असतं. विमानतळावरचे फोटो या ब्लेझरमधले. गावच्या वर्तमानपत्रात ते छापून येतात आणि खाली ‘भारतीय संस्कृतीचा दूत’ अशा थाटाच्या चार ओळी असतात. फोटोंबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्यामुळे आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की, हा कार्यक्रम म्हणजे आपला देश दाखवून येणं आणि त्यांचा देश बघून येणं. देशच बघायचा असता तर पंधरा दिवसांची सहल कितीतरी स्वस्तात पडली असती. सोळा वर्षांचं पोर दहा महिने परक्या घरात ठेवायचं, ते त्या घरातलं एक सामान्य पोर व्हावं म्हणून. दूताला ताट उचलावं लागत नाही, पोराला लागतं. या साध्या फरकावर अख्खा कार्यक्रम उभा आहे, आणि आपलं घोडं नेमकं तिथेच अडतं. मुलं पाठवताना अडतं, त्यांची ठेवून घेताना तर जास्तच अडतं.

ही कल्पना परराष्ट्र खात्यातून निघालेली नाही. अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात काम करणाऱ्या डोनाल्ड वॉट यांनी १९३२ साली काही अमेरिकन मुलं युरोपात नेली. वेगवेगळ्या देशांची मुलं एकत्र राहिली की आपोआप मैत्री होईल, असा सुरुवातीचा हिशेब होता. तो फारसा जुळला नाही. कुठल्याही वसतिगृहाच्या रेक्टरने हे आधीच सांगितलं असतं: मुलं एकत्र ठेवली की आपापल्या भाषेचे कंपू करतात. मग वॉट यांनी एकेका मुलाला एकेका कुटुंबात ठेवायला सुरुवात केली, आणि ‘एक्स्परिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ ही त्यांची संस्था त्याच पद्धतीसाठी ओळखली जाऊ लागली. पुढे अमेरिकेच्या पीस कोअरचे पहिले प्रमुख झालेले सार्जंट श्रायव्हर १९३४ मध्ये याच संस्थेतर्फे जर्मनीत राहून आले होते.

दुसरी मोठी संस्था एएफएस. तिचं मूळ १९१५ सालच्या फ्रान्समधल्या युद्धआघाडीवर आहे. जखमी सैनिकांना रुग्णवाहिकेतून मागे आणणारे अमेरिकन स्वयंसेवक म्हणजे ही अमेरिकन फील्ड सर्व्हिस. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी तेच काम केलं, आणि युद्ध संपल्यावर स्टीफन गॅलाटी यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये परदेशी शाळकरी मुलांना अमेरिकन घरांत आणायला सुरुवात केली. दोन्ही युद्धांत तरुण पोरांची प्रेतं पाहिलेल्या माणसांचा परिषदांवर आणि भाषणांवर फार विश्वास उरला नसावा, असं मला वाटतं. त्यांनी भरवसा ठेवला तो स्वयंपाकघरावर.

सरकारं नंतर आली. जर्मन लोकांनी अमेरिकेत वस्ती करायला सुरुवात केली त्याला तीनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने १९८३ मध्ये दोन्ही देशांच्या संसदांनी मिळून मुलांची देवाणघेवाण सुरू केली. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००२ मध्ये, सिनेटर केनेडी आणि लुगर यांच्या पुढाकाराने मुख्यतः मुस्लिम लोकवस्ती असलेल्या देशांतल्या मुलांसाठी ‘येस’ शिष्यवृत्ती निघाली. भारतातली मुलंही तिच्यावर जातात. दूत, नेतृत्व, प्रतिमा हे शब्द सरकारी पैशाबरोबर येतात, त्याला इलाज नाही. तरीही एक गोष्ट सरकारांनाही बदलता आलेली नाही. एएफएस किंवा रोटरीचं मूल घरात ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा मोबदला मिळत नाही. अमेरिकेच्या करकायद्यात अशा विद्यार्थ्यामागे महिन्याला ५० डॉलरपर्यंतचा खर्च दान म्हणून वजा करता येतो, आणि कुटुंबाने त्यासाठी पैसे घेतले तर ही सवलतही जाते. पन्नास डॉलरमध्ये सोळा वर्षांच्या पोराचं दूध आणि सीरियलसुद्धा भागणार नाही. पण तत्त्व योग्य आहे. पैसे घेतले की ते घर खाणावळ होतं आणि पोर भाडेकरू. भाडेकरूवर कुणी ओरडत नाही, आणि त्याच्यासाठी रात्री जागंही राहत नाही.

आता या घरांत दिवस जातो कसा ते पाहू. माहितीपत्रकात हे कधीच नसतं.

जर्मनी घ्या. संध्याकाळी साडेसहाला टेबलावर ब्रेड, चीज, काकडीच्या चकत्या आणि लोणी येतं. आपल्या मुलाला पहिल्या दिवशी वाटतं, आज काही कारणाने स्वयंपाक राहिला असेल. चौथ्या दिवशी लक्षात येतं की अनेक घरांत हेच रात्रीचं जेवण. गरम जेवण दुपारी होऊन गेलेलं असतं. भर जानेवारीत सकाळी घरातल्या खिडक्या सताड उघडल्या जातात, कारण हवा खेळली पाहिजे. रविवारी दुकानं बंद, भिंतीत ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही. रिकामी प्लास्टिकची बाटली फेकायची नाही, तिच्यावर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात परत घालायची. कागद वेगळा, वेष्टनं वेगळी, ओला कचरा वेगळा. चुकीच्या डब्यात दह्याचं भांडं गेलं की घरातली दहा वर्षांची धाकटी ते बाहेर काढून दाखवते. शाळेत एक म्हणजे सर्वोत्तम आणि सहा म्हणजे नापास. ‘जर्मनमध्ये पाच मिळाले’ असं ऐकून इकडे आजी पेढे वाटायला निघू शकते. वर्गात किती बोललात याला तिथे गुण असतात, आणि ते थोडेथोडके नसतात. हाताची घडी, तोंडावर बोट या शिस्तीत दहा वर्षं काढलेल्या हुशार मुलीला कळतच नाही की, लेखी पेपर चांगले जाऊनही आपली श्रेणी खाली का.

अमेरिकेचा ताप वेगळा. चित्रपटांमुळे मुलांच्या मनात न्यूयॉर्क असतं, प्रत्यक्षात पुष्कळांच्या वाट्याला येतं ते आयोवा किंवा नेब्रास्कासारख्या राज्यातलं लहान गाव. तिथे बस नाही, रिक्षा नाही, चालत जाण्यासारखं दुकान नाही. शाळेची पिवळी बस सकाळी नेते आणि दुपारी सोडते. त्यापलीकडे कुठेही जायचं तर कुणाला तरी ‘मला सोडाल का?’ असं विचारावं लागतं. गाडी चालवायला या मुलांना मनाई असते. रोटरीचे चार मोठे नियम मुलं पाठच करतात: दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, गाडी चालवणं नाही, प्रेमप्रकरण नाही. पुण्यात स्कूटीवर हिंडणारं, स्वतःला मोठं समजणारं पोर तिथे पुन्हा कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसतं. फ्रिजवर कामांची यादी चुंबकाने लावलेली असते: डिशवॉशर रिकामा करणं, बाथरूम घासणं, कुत्र्याला फिरवणं. तिच्यात आपलंही नाव असतं. आणि पहिल्या आठवड्यातली सर्वांत भीतिदायक जागा म्हणजे शाळेचं कॅन्टीन. हातात ट्रे, समोर शंभर मुलं, प्रत्येक टेबल कुणाचं तरी ठरलेलं. बसायचं कुठे?

घरी वक्तृत्वात ढाली मिळवणारी मुलगी इथे मीठ मागताना अडखळते. आपण विनोदी आहोत, हजरजबाबी आहोत, हे तिला माहीत असतं. पण त्या घरात ते कुणालाच माहीत नाही, आणि ते सिद्ध करण्याइतकी भाषा अजून यायची आहे. दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं इतकं शिणतं की मुलं दुपारी चारला झोपून जातात. पहिल्या महिन्याचं नवल ऑक्टोबरपर्यंत सरतं. मग जर्मनीत साडेचारला अंधार पडणारा नोव्हेंबर येतो, आणि त्याच सुमारास दिवाळी एखाद्या मंगळवारसारखी निघून जाते. त्या दिवशी गणिताची चाचणी असते.

मुलं परत आल्यावर नायगारा सांगतात, बर्लिनची भिंत सांगतात. खरं शिक्षण झालेलं असतं ते या नोव्हेंबरमध्ये. आपण ज्या घरात कुणी विशेष नाही, जिथे आपले गुण कुणाला ठाऊक नाहीत, तिथेही आपण रोज सकाळी उठतो, डिशवॉशर रिकामा करतो आणि बस पकडतो, हे सोळाव्या वर्षी कळणं ही मोठी कमाई आहे. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला, मुलग्याला तर खासच, ती इथे मिळण्याची शक्यता फार कमी. त्याचं ताट अजून आई उचलते किंवा कामाच्या मावशी उचलतात.

मग ही कमाई बुडते कुठे? एक, फोनमध्ये. पूर्वी परदेशातलं पत्र पोचायलाच आठ-पंधरा दिवस लागत, तोवर रडणं आटपून गेलेलं असे. आता अमेरिकेच्या मध्यभागातल्या घरात सकाळचे साडेसहा वाजले की आपल्याकडे संध्याकाळ असते आणि आईचा व्हिडिओ कॉल येतो. काय खाल्लंस, त्यांनी नीट वाढलं का, थंडीचं घातलंस का, त्या पास्त्यात अंडं असेल तर सांग त्यांना. यात माया आहे, हे मान्य. पण एका पोराला एकाच वेळी दोन घरं चालवू लागली की तिथल्या घराची गत लॉजसारखी होते. यजमान आईने काही सांगितलं तर ते आधी नाशिकला जातं, तिथे त्यावर चर्चा होते, मग उत्तर येतं. मुलं पाठवणाऱ्या बहुतेक संस्था पालकांना फोन आवरा, आठवड्यातून एकदा पुरे, असं सांगतात. आपले पालक मान डोलावतात आणि विमान उडायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढतात.

दोन, वर्षाच्या हिशेबात. जर्मनीत शेवटच्या दोन वर्षांच्या आधीचं वर्ष परदेशी जाण्यासाठी सोयीचं मानलं जातं. शाळा, पालक, मुलं सगळ्यांनाच ते माहीत असतं. आपल्याकडे दहावी संपते त्याच आठवड्यात अकरावी-बारावीच्या जेईई-नीटच्या शिकवण्या सुरू होतात, आणि त्यातलं एक वर्ष बाहेर काढणं म्हणजे शर्यतीतून उतरणं. ‘वर्ष वाया जाईल’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता मी वाद घालत नाही. एवढंच विचारतो की, ड्रॉप घेऊन दुसऱ्यांदा नीट देताना जे वर्ष जातं, त्याला आपण वाया म्हणत नाही ते का?

पण खरी गंमत आहे ती परतफेडीच्या बाजूला. रोटरीची पद्धत देवाणघेवाणीची आहे: एक जातो, एक येतो. तेव्हा फ्रान्स, ब्राझील, मेक्सिको किंवा तैवानचं एखादं पोर कोल्हापुरात, नाशकात, नागपुरात येऊन राहतं. आपण त्याचं काय करतो? आपण त्याला पाहुणा करून टाकतो. एसीची खोली त्याला. पहिली गरम पोळी त्याला. आठवड्यात तीन लग्नं, दोन मुंजी, एक सत्यनारायण. प्रत्येक ठिकाणी फेटा बांधून स्टेजवर. मुलगी असेल तर नऊवारी, नथ आणि फोटो. चार महिन्यांनी ते पोर पुरणपोळीवर भाषण करू शकतं, पण या घरात भांडी कुठे ठेवतात ते त्याला माहीत नसतं. ओट्याजवळ गेलं की ‘अरे, बस बस, तू कशाला?’ अतिथी देवो भव आपण इतकं मनापासून पाळतो की त्या देवाला गाभाऱ्यातून बाहेर येऊच देत नाही.

यात आपला चांगुलपणा आहे, तशी थोडी चलाखीही आहे. पाहुण्याला घर दाखवलं जातं, घरचं काही दाखवलं जात नाही. तो घरचा झाला तर प्रश्न विचारायला लागेल. माझ्या ओळखीच्या एका घरात युरोपातली मुलगी राहायला होती. जेवण झालं की ती सवयीने स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवायची. घरातला तिच्याच वयाचा मुलगा ताट तिथेच सोडून उठायचा. पंधरवड्याने तिने अगदी साधेपणाने विचारलं, हा का उचलत नाही? उत्तर कुणाकडेच नव्हतं. आजी हसल्या, वडिलांनी बातम्यांचा आवाज वाढवला. नंतर तिला संध्याकाळी सातनंतर एकटीने बाहेर जायची परवानगी नाकारली गेली आणि तो मुलगा साडेदहाला क्रिकेट खेळून आला, तेव्हाही तिने तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला. बाहेरच्या रस्त्यांची काळजी म्हणून तिला अडवणं चूक होतं, असं मी म्हणणार नाही. पण कारण नीट सांगावं लागलं, सांगताना घरातल्या मुलीनेही ते कान देऊन ऐकलं, आणि तिला ते पटलं नाही. माझ्या लेखी देवाणघेवाण झाली ती त्या संध्याकाळी. स्टेजवरच्या फेट्यांतून एवढं झालं नव्हतं.

याला एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो झटकण्यासारखा नाही. ‘घरचं पोर’ म्हणणं सोपं आहे. पण परक्या देशात, परक्या घरात, भाषा अर्धवट येणारं अल्पवयीन मूल हे अतिशय असुरक्षित मूल असतं. घरचं म्हणून त्याला राबवणारी, उपाशी ठेवणारी, त्याहून वाईट वागणारी माणसं निघाली आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत यजमान घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणं सक्तीचं आहे आणि स्थानिक समन्वयकाने विद्यार्थ्याशी दर महिन्याला संपर्क ठेवायचा असतो. रोटरीत वर्षभरात सहसा दोन-तीन घरं बदलतात, त्यामागेही एकाच कुटुंबावर सगळं अवलंबून राहू नये हा विचार आहे. कामाच्या बाबतीत कसोटी सोपी आहे: जे काम त्या घरातलं त्याच वयाचं पोर करतं, ते परक्यानेही करावं, जे घरचं पोर करत नाही, ते त्यानेही करू नये. आपल्या घरांत ही कसोटी लावली तर अडचणीत कोण येईल, ते सांगायला नको.

धोका घराबाहेरही असतो. नागोयाचा योशिहिरो हत्तोरी हा सोळा वर्षांचा मुलगा एएफएसतर्फे अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजला राहत होता. १७ ऑक्टोबर १९९२ रोजी हॅलोविनच्या पार्टीला निघालेला असताना तो चुकून भलत्याच घरापाशी गेला आणि घरमालकाने त्याला गोळी घातली. फौजदारी खटल्यात तो माणूस निर्दोष सुटला. योशीच्या आईवडिलांनी जपानमध्ये अमेरिकेतल्या बंदुकांविरुद्ध सतरा लाखांवर सह्या गोळा केल्या आणि १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेतली. बॅटन रूजचं यजमान कुटुंब या मोहिमेत त्यांच्या सोबत होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, आणि मला ती जास्त मोठी वाटते. मुलाच्या नावाने निधी उभारून त्यांनी अमेरिकन मुलांना जपानमध्ये राहायला बोलवायला सुरुवात केली, बंदूक नसलेल्या समाजात रोजचा दिवस कसा जातो ते त्यांनी राहून बघावं म्हणून. ज्या देशात मुलगा गेला त्या देशाच्या मुलांसाठी घराचं दार उघडायचं, यासाठी लागणारी ताकद माझ्यात असती की नाही, मला सांगता येणार नाही.

कराचीची सबिका शेख ‘येस’ शिष्यवृत्तीवर टेक्सासमध्ये शिकत होती. १८ मे २०१८ रोजी सँटा फे हायस्कूलमधल्या गोळीबारात ती मारली गेली. काही आठवड्यांत घरी परतणार होती. रमजान नुकताच लागला होता. तिचं यजमान कुटुंब ख्रिस्ती होतं आणि तेही तिच्याबरोबर उपास धरत होतं. दोन देशांच्या सरकारांनी एकमेकांबद्दल काय निवेदनं काढली ते आता कुणाला आठवत नाही. एका टेबलावरची माणसं दिवसभर उपाशी राहिली, कारण त्यांच्यातली एक मुलगी उपाशी होती, हे मात्र वाचलेल्या माणसाला विसरता येत नाही.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. बहुतेक कार्यक्रमांत विमानभाडं, विमा, व्हिसा यांचा खर्च पालकांवर असतो, म्हणून जाणारी मुलं सुस्थित घरांतली असतात. पूर्ण खर्च देणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेत, पण मोजक्या. हा दोष खराच आहे. पण परदेशी मूल ठेवून घेण्यासाठी श्रीमंती लागत नाही, एक पलंग आणि एक जास्तीचं ताट लागतं. तरी आपल्याकडे यजमान म्हणून तीच ती मोठ्या बंगल्यातली घरं पुढे येतात. दोन खोल्यांच्या घरात ते पोर जास्त शिकेल, असं माझं मत आहे.

तेव्हा आपल्या मुलाला पाठवणार असाल तर पहिले दोन महिने आठवड्यातून एकदाच फोन करा, आणि त्याने तक्रार केली तर आधी विचारा की ते तू त्यांच्याशी बोललास का. कुणाचं मूल ठेवून घेणार असाल तर फेटा खुशाल बांधा, पण दुसऱ्या दिवशी घरातलं एक काम त्याला नेमून द्या, उशिरा आलं तर रागवा, आणि का रागावलात ते नीट सांगा. मात्र तेच काम त्याच दिवशी आपल्या पोरालाही द्या. ते जमणार नसेल, तर परदेशी मूल मागवू नका.